रोगाची गुप्तता आणि रोग्याची अब्रू

पटकी, प्लेग, देवी, क्षय, कुष्ठ या साऱ्या रोगांना मराठी माणसाने त्यांच्या नावांनी ओळखले, त्यांच्याविरुद्ध सभा भरविल्या, वर्गण्या गोळा केल्या, दवाखाने उभारले. एका प्रकारच्या रोगांच्या वाट्याला मात्र हे भाग्य कधीच आले नाही. परमा, उपदंश, बोलीत जिला गरमी म्हणतात ती व्याधी, या साऱ्यांना आपण मिळून 'गुप्तरोग' असे नाव दिले आणि नाव देताच आपले कर्तव्य संपले असे मानले. घरात ते उच्चारायचे नाहीत, शाळेत शिकवायचे नाहीत, वर्तमानपत्रात छापायचे नाहीत. छापायचेच तर ते शेवटच्या पानावरील शक्तिवर्धक चूर्णाच्या जाहिरातीत! ही गुप्तता आता केवळ रोग्यालाच नव्हे, तर साऱ्या समाजाला महाग पडू लागली आहे. परम्याचा जंतू आजवरच्या बहुतेक औषधांना पुरून उरला आहे, आणि त्याला हे बळ देण्यात आपल्या लाजेचा वाटा थोडाथोडका नाही.

बेळगावच्या दक्षिण अंगाला असलेले अनगोळ घ्या. एकेकाळचे हे स्वतंत्र गाव आज महानगरपालिकेच्या हद्दीत सामावले आहे. शेजारी उद्यमबागेतील कारखान्यांची धडधड आहे. शेतकऱ्यांच्या घरातील मुले यंत्रांवर काम करू लागली, तरी गल्लीतील ओळखीपाळखी अजून गावाच्याच आहेत. अशा वस्तीतील एखाद्या तरुणाला लघवीच्या वेळी जळजळ होऊ लागली, पू दिसू लागला, तर तो काय करील? गल्लीतील डॉक्टरांकडे तो जाणार नाही, कारण ते त्याच्या वडिलांना ओळखतात. सरकारी इस्पितळात जाणार नाही, कारण तेथील रांगेत कोणी ना कोणी शेजारी उभा असतो. तो चार गल्ल्या ओलांडून अनोळखी औषधाच्या दुकानी जाईल, गिऱ्हाईक पांगेपर्यंत थांबेल आणि खालच्या आवाजात गोळी मागेल. मिळतील त्या चार गोळ्यांपैकी दोन घेताच जळजळ थांबेल. उरलेल्या दोन खिशातच राहतील. घरी पत्नीला तो काही सांगणार नाही. महिन्याभराने दुखणे परतले, तर दुसरे दुकान, दुसरी गोळी. हे चित्र एकट्या अनगोळचे आहे असे कोणी समजू नये. निपाणी, मडगाव, म्हापसा, कोल्हापूर, पुणे, जेथे जेथे माणसाला अब्रू आहे आणि दवाखान्याला आडोसा नाही, तेथे तेथे हेच घडते.

'बेळगावच्या या दुखण्याची चर्चा गोमंतकात कशाला?' असे कोणी विचारील. त्याने पहाटे चोर्ला घाटाच्या तोंडाशी उभे राहून पाहावे. बेळगावची भाजी आणि दूध पोचले नाही, तर गोव्यातील चुली थंडावतात. त्याच वाटेने गवंडी येतात, ट्रकचालक येतात, हॉटेलांतील नोकर येतात, आणि सणासुदीला आपापल्या गावी परततात. निपाणी तर पुणे आणि बंगळूर यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावरच वसलेली. तंबाखूच्या व्यापाराने तिथे चार मुलखांची माणसे पिढ्यान् पिढ्या एकत्र आणली. माणसे जेथून जातात तेथून जंतूही जातात. राज्यांच्या सीमांचा वाद न्यायालयात कितीही वर्षे चालो, जंतूंच्या दरबारी त्या सीमेला किंमत नाही.

या शत्रूचा इतिहास थोडक्यात पाहू. परम्याचा जंतू १८७९ साली जर्मन वैद्य आल्बर्ट नायसर यांनी ओळखला. त्यावर खात्रीचा पहिला उपाय सापडायला पुढे जवळजवळ साठ वर्षे लागली. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात सल्फा औषधे आली आणि जादू झाल्यासारखे रोगी बरे होऊ लागले. पण १९४० चे दशक निम्मे सरते न सरते तोच हा जंतू सल्फाला दाद देईनासा झाला. मग पेनिसिलिन आले. आरंभी एक-दोन लाख युनिटांनी भागणारे काम पुढे मात्रा वाढवीत न्यावे लागले आणि १९७० च्या दशकात ते ४८ लाख युनिटांवर जाऊन पोचले. १९७६ साली तर पेनिसिलिनचेच तुकडे करणारा पाचक रस तयार करणारे परम्याचे जंतू आढळले. मात्रा वाढविण्याचा मार्गही तेथेच खुंटला. त्यानंतर टेट्रासायक्लिन गेले, सिप्रोफ्लॉक्सासिन गेले. या शेवटच्या औषधाविषयी भारतातील प्रयोगशाळांचा अनुभव असा की, तपासलेल्या परम्याच्या बहुसंख्य जंतूंवर ते चालत नाही. आणि तरीही ते दुकानांतून सर्रास विकले जाते. उरला तो सेफिक्झिम व सेफ्ट्रिअॅक्झोन यांचा वर्ग. २००९ साली जपानमधील क्योटो येथे सेफ्ट्रिअॅक्झोनलाही न जुमानणारा जंतू सापडला. २०१८ साली आग्नेय आशियात संसर्ग झालेल्या एका ब्रिटिश रोग्यावर सेफ्ट्रिअॅक्झोन आणि अॅझिथ्रोमायसिन ही दोन्ही प्रमुख औषधे निरुपयोगी ठरली. अखेर इस्पितळातील गंभीर रोग्यांसाठी राखून ठेवलेले औषध शिरेतून देऊन त्याला बरे करावे लागले. तीन दिवस सलाईन लावून जो आजार बरा करायचा, तो निपाणीच्या विडी कामगाराला आणि अनगोळच्या लेथ चालविणाऱ्याला परवडेल काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ८ कोटी २० लाख माणसांना परम्याचा नवा संसर्ग झाला. परमा, उपदंश, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास हे चार बरे होण्याजोगे संसर्ग एकत्र मोजले, तर तो आकडा ३७ कोटी ४० लाखांवर जातो. नव्या औषधांची निकड ज्या जंतूंसाठी आहे, त्यांच्या २०१७ आणि २०२४ अशा दोन्ही याद्यांत या संघटनेने परम्याच्या जंतूला वरच्या श्रेणीत स्थान दिले आहे. हे मानाचे स्थान नव्हे.

जंतू इतका शहाणा झाला कसा? त्याला शाळा आपणच घातली. गोळ्यांच्या अर्धवट मात्रेने दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि त्यांचीच प्रजा वाढते. पण हे उत्तर अर्धेच आहे. परम्याचा जंतू कित्येकदा घशात जाऊन राहतो, तेथे तो फारसा त्राससुद्धा देत नाही. त्याच घशात त्याचे निरुपद्रवी भाऊबंद आधीपासून नांदत असतात. आपण सर्दीखोकल्याला, तापाला, अंगदुखीला ज्या प्रतिजैविक गोळ्या सहजगत्या गिळतो, त्यांच्याशी झुंजण्याची विद्या हे निरुपद्रवी जंतू शिकून बसलेले असतात; आणि परम्याचा जंतू त्यांच्याकडून त्या विद्येचा अंश उसना घेतो. म्हणजे ज्याने आयुष्यात वाकडे पाऊल टाकले नाही अशा सत्शील गृहस्थाने पडशासाठी घेतलेली गोळीही या शत्रूच्या कामी येऊ शकते! भारतात २०१९ साली खाजगी बाजारात सर्वाधिक खपलेले प्रतिजैविक औषध कोणते होते? अॅझिथ्रोमायसिनची ५०० मिलिग्रॅमची गोळी. करोनाच्या पहिल्या लाटेत, २०२० च्या जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, नेहमीपेक्षा या औषधाच्या सुमारे ३ कोटी ८० लाख मात्रा अधिक खपल्या असाव्यात असे संशोधकांचे अनुमान आहे. करोना विषाणूवर ते चालत नाही हे ठाऊक असूनही! त्याची किंमत इतर रोगांचे रोगी आज मोजत आहेत.

डिसेंबर २०२५ मध्ये अमेरिकेत परम्यासाठी झोलिफ्लोडासिन आणि जेपोटिडासिन या तोंडावाटे घ्यावयाच्या दोन नव्या औषधांना मान्यता मिळाली, ही आनंदाची वार्ता होय. परंतु वर सांगितलेला इतिहास ज्याने नीट वाचला, त्याला या आनंदाची मर्यादा कळेल. सल्फाचे स्वागत असेच झाले होते. पेनिसिलिनचे तर त्याहून मोठे झाले. पेनिसिलिनचा शोध लावणारे अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणातच अपुऱ्या मात्रेच्या धोक्याचा इशारा दिला होता. औषध नवे आले आणि ते घेण्याची रीत जुनीच राहिली, तर तेही दहा-पंधरा वर्षांत निकामी होईल. प्रश्न औषधाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ते औषध रोग्यापर्यंत कोणत्या वाटेने पोचते याचा आहे.

हा सारा भार अखेर कोणाच्या माथी पडतो? पुरुषाला बहुधा जळजळ होते, पू दिसतो, म्हणून त्याला रोग कळतो. स्त्रीला अनेकदा काहीच जाणवत नाही. पतीकडून आलेला जंतू तिच्या गर्भाशयात आणि गर्भनलिकांत मुक्काम करतो, नलिकांना सूज आणतो, त्या बुजवितो. मग वर्षानुवर्षे मूल होत नाही. सासर तिला वांझ म्हणते, उपासतापास, नवससायास होतात. कधी दुसऱ्या लग्नाची भाषा निघते. ज्याने खिशात दोन गोळ्या उरवल्या त्याच्याकडे कोणी बोट दाखवीत नाही. ती गरोदर राहिलीच, तर प्रसूतीच्या वेळी जंतू अर्भकाच्या डोळ्यांत जाऊन त्याची दृष्टी हिरावू शकतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील अंधशाळा अशा मुलांनी भरल्या होत्या. १८८० च्या सुमारास क्रेडे नावाच्या जर्मन वैद्याने नवजात बालकाच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटचे थेंब घालण्याची युक्ती काढली, तेव्हा तो अनर्थ आटोक्यात आला. शिवाय परमा वा उपदंश असलेल्या व्यक्तीला एच.आय.व्ही.ची लागण अधिक सहज होते आणि तिच्याकडून ती पसरतेही अधिक सहज. गुप्तरोग म्हणजे दुराचाराची शिक्षा असे म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावे की त्या पत्नीने आणि त्या अर्भकाने कोणता दुराचार केला होता?

अशा प्रसंगी समाजाला नेहमी दोन सोपे उपाय सुचतात. पहिला म्हणजे पोलीस, दुसरा म्हणजे प्रवचन. दोन्ही आपण करून पाहिले आहेत. इंग्रज सरकारने १८६८ साली हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा आणला. गोऱ्या शिपायांना रोग होऊ नये म्हणून वेश्यांची सक्तीने नोंदणी करावयाची, त्यांना सक्तीने तपासावयाचे आणि रोगी आढळतील त्यांना इस्पितळात कोंडावयाचे, अशी ती योजना होती. शिपायाला मात्र कोणी कोंडीत नव्हते! बायका तपासणीला भिऊन पळाल्या, रोग त्यांच्याबरोबर पळाला, आणि वीस वर्षांनी, १८८८ साली, तो कायदा सरकारला मागे घ्यावा लागला. बेळगावसारख्या जुन्या छावणीच्या शहराने तरी हा धडा विसरू नये.

आपण गोमंतकीयांनीही तो विसरता कामा नये, कारण आपण तो अगदी अलीकडे पुन्हा गिरविला. वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील वेश्यावस्ती २००४ साली बुलडोझर लावून पाडण्यात आली. तेथे राहणाऱ्यांत कर्नाटक, आंध्र आणि महाराष्ट्रातून आलेल्या स्त्रिया होत्या. वस्ती गेली, व्यवसाय गेला नाही; तो लॉजांत, भाड्याच्या खोल्यांत आणि रस्त्यांवर विखुरला. तेथे आरोग्यसेवकांचा जो राबता होता, तो तुटला. त्या पाडकामाचा एच.आय.व्ही. प्रतिबंधावर काय परिणाम झाला याचा २००९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास हेच सांगतो की, जे पूर्वी एका ठिकाणी होते ते लपून-छपून चालू लागले आणि त्यांच्यापर्यंत पोचणे अधिक कठीण झाले. किनारा स्वच्छ दिसू लागला, एवढेच समाधान. त्या स्त्रियांच्या पुनर्वसनाचा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण रोगाच्या दृष्टीने पाहिले तर घर पाडल्याने जंतू बेघर होत नाही.

याच्या उलट उदाहरण सीमाभागातच आहे. बेळगाव जिल्ह्यात सौंदत्तीच्या यल्लम्माचे ठाणे आहे. देवीच्या नावाने मुली सोडण्याच्या अनिष्ट रूढीने या भागातील कित्येक दलित घरांच्या लेकी वेश्याव्यवसायात लोटल्या. १९३४ च्या मुंबई कायद्याने आणि १९८२ च्या कर्नाटकच्या कायद्याने या रूढीवर बंदी घातली. १९७५ साली गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली आणि त्या प्रश्नाला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात वाचा फुटली. पुढे एच.आय.व्ही.चे संकट आले. २००५-०६ च्या सुमारास झालेल्या पाहणीत बेळगाव जिल्ह्यातील वेश्याव्यवसायातील स्त्रियांपैकी जवळजवळ तीनांत एकीला हा संसर्ग असल्याचे दिसून आले. आकडा छातीत धडकी भरविणारा होता. तेव्हा काम कशाने झाले? छाप्यांनी नव्हे. सांगलीत १९९२ साली 'संग्राम' या संस्थेने काम सुरू केले आणि १९९६ साली 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. या कामाची रीत साधी होती. त्याच वस्तीतील स्त्रीने आपल्या मैत्रिणीला निरोधाचा वापर समजावून सांगायचा, तिला दवाखान्यात सोबत न्यायचे, गोळ्या पुऱ्या घेतल्या की नाहीत हे विचारायचे. बेळगावसह कर्नाटकातील अनेक जिल्ह्यांतही त्या काळात याच धर्तीची कामे झाली. देशभरात २०१० ते २०२३ या काळात एच.आय.व्ही.चे नवे संसर्ग सुमारे ४४ टक्क्यांनी घटले. त्याचे श्रेय जसे औषधांना, तसेच रोग्याला माणूस समजणाऱ्या या रीतीलाही आहे. ज्या स्त्रियांना समाजाने रोगाचे मूळ ठरविले, त्यांनीच रोगाला आळा घालून दाखविला. समाजाने त्यांचे आभार मानल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

राहता राहिले प्रवचन. संयम हा सद्गुण आहे आणि तो आम्हांस मान्य आहे. परंतु तहान लागलेल्याला संयम शिकविता येतो, विष प्यालेल्याला नव्हे. त्याला आधी वैद्य पाहिजे. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत या विषयांवर रोखठोक मराठीत लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या वतीने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. त्यानंतर नव्वदहून अधिक वर्षे लोटली. आजही आपल्या शाळांतील शिक्षक शरीरविज्ञानाचा तो धडा 'घरी वाचा' म्हणून पुढचे पान उलटतात. कर्वे यांचा पराभव न्यायालयात झाला त्याहून अधिक या पान उलटण्यात होतो.

आता सरकारच्या कामाकडे वळू. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने जिल्हा इस्पितळांत 'सुरक्षा क्लिनिक' या नावाने मोफत दवाखाने चालविले. तेथे रंगीत पुड्यांची योजना आली. स्राव होत असेल तर राखाडी, जखम असेल तर पांढरी, ओटीपोटाच्या विकाराला पिवळी. प्रयोगशाळेची वाट न पाहता लक्षणांवरून जागच्या जागी पूर्ण औषध द्यावे, ही त्यामागील कल्पना. गरीब देशाला ती योग्यच होती; रोगी एकदाच येतो, पुन्हा येईल याची शाश्वती नसते. रोगाचे नाव न घेता रंगावर भागविण्यात त्याच्या अब्रूचाही विचार होता. पण या पद्धतीला एक उणीव आहे. ज्यांना लक्षणेच नाहीत, त्या स्त्रिया तिच्यातून निसटतात. आणि जंतू कोणत्या औषधाला दाद देत नाही, हे पुडी देणाऱ्याला कधीच कळत नाही. राखाडी पुडीत दीर्घकाळ सेफिक्झिम आणि अॅझिथ्रोमायसिन ही दोनच औषधे दिली गेली. त्यांपैकी अॅझिथ्रोमायसिनचा बाजारात काय उपसा झाला, ते वर सांगितलेच आहे.

कायदाही आहे. सेफिक्झिम, सेफ्ट्रिअॅक्झोन यांसह ४६ औषधे १ मार्च २०१४ पासून परिशिष्ट एच-१ मध्ये गेली. दुकानदाराने डॉक्टरची चिठ्ठी पाहिल्याशिवाय ती विकू नयेत, रोग्याचे व डॉक्टरचे नाव आणि औषधाचे प्रमाण वहीत लिहावे, ती वही तीन वर्षे जपावी, असा दंडक आहे. हेतू उत्तम, परंतु ज्याला आपले नावच सांगावयाचे नाही तो या वहीसमोर काय करतो? एक तर खोटे नाव सांगतो, नाही तर वही न ठेवणारे दुकान शोधतो. म्हणून नुसती दुकानांवर धाड घातल्याने हा प्रश्न सुटणार नाही. दुकानाची मागील वाट बंद करावयाची असेल, तर दवाखान्याचा पुढचा दरवाजा आधी उघडावा लागेल. आणि तो असा उघडावा लागेल की आत जाताना माणसाची मान खाली जाणार नाही.

या साऱ्याचा मथितार्थ एकच आहे. आपण आजवर रोग गुप्त ठेवला आणि रोग्याला उघडे पाडले. हे उलटले पाहिजे. रोगाविषयी चव्हाट्यावर बोलले जावे. रोग्याचे नाव मात्र वैद्याच्या छातीतच राहावे. एच.आय.व्ही.च्या बाबतीत २०१७ च्या कायद्याने ही गोपनीयता रोग्याचा हक्क म्हणून मान्य केली आहे. वेश्याव्यवसायातील स्त्रियांनाही सन्मानाने वागविले जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये बजावले. मग परम्याच्या आणि उपदंशाच्या रोग्याला हाच न्याय व्यवहारात का मिळू नये?

यासाठी काही गोष्टी तातडीने करण्याजोग्या आहेत. बेळगावात १९६३ पासूनचे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आहे, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, बांबोळीस गोवा वैद्यकीय महाविद्यालय आहे. परम्याचा जंतू मोठा नाजूक. शरीराबाहेर तो फार काळ जगत नाही, त्याला वाढवायला विशेष माध्यम लागते. पण हे काम या विद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे नाही. प्रत्येक दवाखान्याने प्रत्येक रोग्याची तपासणी करावी असे आम्ही म्हणत नाही. ठराविक दवाखान्यांतून ठराविक संख्येने नमुने गोळा व्हावेत, कोणते औषध चालते आणि कोणते नाही हे दर वर्षी जाहीर व्हावे, आणि तिन्ही राज्यांच्या एड्स नियंत्रण संस्थांनी ती माहिती एकमेकांना द्यावी. निपाणीचा रोगी उपचाराला कोल्हापुरास जातो, बेळगावचा मजूर बांबोळीस. त्यांच्या कागदांनी तरी सीमा ओलांडावी.

दुसरे, औषध जोडप्याला द्यावे. एकालाच बरे केले तर दुसऱ्याकडून जंतू परत येतो आणि तीच औषधे पुन्हा पुन्हा पोटात जातात. पत्नीला बोलावून आणण्याचे धैर्य पतीला व्हावे, यासाठी दवाखान्यात शांतपणे बोलणारा समुपदेशक हवा. तो रोग्याच्या भाषेत बोलणारा हवा. अनगोळच्या कामगाराला मराठीत आणि त्याच्या शेजाऱ्याला कन्नडमध्ये गोळ्या कशा घ्यावयाच्या हे सांगितले गेले पाहिजे. भाषेच्या वादात कोणाची कोणती भूमिका असो, औषधाची मात्रा तरी ज्याला त्याला समजेल अशा भाषेत लिहिली जावी. यात कोणाचा पराभव होत नाही.

तिसरे, प्रत्येक गर्भवतीची उपदंशासाठी तपासणी ही केवळ नोंदीपुरती न राहता प्रत्यक्षात व्हावी. परम्याच्या जंतूने इतकी औषधे निकामी केली, पण उपदंशाचा जंतू ऐंशी वर्षांनंतर आजही पेनिसिलिनला शरण जातो. बेंझाथिन पेनिसिलिनचे साधे, स्वस्त इंजेक्शन वेळेवर दिले तर पोटातील बाळ वाचते. मात्र स्वस्त असल्यामुळेच ते तयार करण्यात कंपन्यांना रस नाही, आणि गेल्या दशकात जगात अनेकदा त्याचा तुटवडा पडला. ते प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात असलेच पाहिजे, हे पाहणे सरकारचे काम आहे.

शेवटची गोष्ट सरकारच्या हातची नाही. ती आपल्या हातची आहे. कारखान्यांच्या फाटकांवर, महाविद्यालयांच्या सभागृहांत, तरुण मंडळांच्या व्याख्यानमालांत, महिला मंडळांच्या हळदीकुंकवात डॉक्टरांना बोलवा आणि या विषयावर बोलू द्या. गणेशोत्सवाच्या मंडपांतून आपण क्षयावर बोललो, रक्तदानावर बोललो, नेत्रदानावर बोललो. परम्यावर का बोलू नये? ज्या घरात मुलगा बापाला 'मला असे होते आहे' असे सांगू शकतो, त्या घरातील मुलगा अनोळखी दुकानात जाऊन चार गोळ्या मागणार नाही. आणि ज्या सुनेला मूल होत नाही, तिच्याबरोबर तिच्या नवऱ्यालाही तपासणीस नेण्याची रीत ज्या दिवशी सासूने सुरू केली, त्या दिवशी या जंतूच्या लपण्याच्या निम्म्या जागा नाहीशा होतील.

पेनिसिलिन निष्प्रभ झाले तेव्हा मागे दुसरे औषध होते. ते गेले तेव्हा तिसरे होते. आज मागे वळून पाहिले तर कपाट जवळजवळ रिकामे आहे, आणि जे एक-दोन नवे डबे आले आहेत ते आपल्या बाजारात यायचे आहेत. ते येण्याच्या आत आपण आपली रीत बदलली नाही, तर त्यांनाही सल्फाच्या रांगेत नेऊन बसविण्याचे पाप आपल्याच पदरी पडेल.